जात्यावरची ओवी: विठोबापासून भीमरायापर्यंत

ओवीचा फार जुना दाखला सापडतो तो एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. ग्रंथ संस्कृत, पण महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात, हे त्याने नोंदवून ठेवलं. म्हणजे ज्ञानेश्वरी (१२९०) लिहिली गेली त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून ओवी बायांच्या तोंडी होती. आधी उखळ-जातं, मग पोथी. शाळेत मात्र ओवी म्हटली की बहुधा ज्ञानेश्वरीच पुढे येते, आणि हा क्रम मागे पडतो.

त्या जुन्या ओवीत कुणाची नावं येत असतील, ते आज सांगता येत नाही. विठोबा मात्र जात्यापाशी कसा आला, याची कथा परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडकडे बोट दाखवते. परंपरा सांगते, जनाबाई इथली. लहानपणीच ती पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि नामदेवांची दासी म्हणून दळणकांडण, झाडलोट, शेणगोठा करीत राहिली. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. मला यात नुसता भाबडा भाव दिसत नाही. ज्या कामाला हलकं मानलं, त्या कामाला देवानेच हात लावला, असं एक दासी तेराव्या-चौदाव्या शतकात सांगत होती. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून एक जातं आजही दाखवतात.

दळण बहुधा एकटीचं नसे. दोघी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. मधेच मूठभर ज्वारीचा घास जात्याच्या तोंडात सोडायचा. ओव्या मोजून गायची रीत: पहिली अमक्याला, दुसरी तमक्याला. हा साचा वर्षानुवर्षं तसाच राहिला. नावं बदलली, आणि श्रद्धा बदलल्याची खूण तिथेच उमटली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. भीमराव तथा बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञांनी जुने देव नाकारले. हा नकार पुरुष भाषणांतून, पुस्तकांतून शिकले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायांनी तो जात्यावर बसवला. एप्रिल १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावला अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. माजलगाव म्हणजे गोदावरी ओलांडली की परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा शेजार, गंगाखेडच्याच मुलखातलं. मोजणी तीच, पण पहिल्या-दुसऱ्या ओवीचे मानकरी आता भीमराव आणि बुद्ध. बाबासाहेबांच्या पत्नी रमाईही त्यांत आल्या.

हे ध्वनिमुद्रण हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी उभ्या केलेल्या प्रकल्पातलं. त्यांच्या संग्रहात महाराष्ट्रभरातल्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, विठ्ठलाच्या आणि भीमाच्याही. जनीने देवाला दळायला बसवलं. माजलगावच्या बायांनी त्याच साच्यातून जुने देव उठवले. जनीने आणि त्यांनीही यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही. महाराष्ट्राच्या विचारांचा इतिहास मठ, सभा आणि छापखान्यांवरून लिहिला गेला. दळणाऱ्या बायांचं प्रकरण त्यात अजून पुरतं आलेलं नाही.