ड जीवनसत्त्व आणि उच्च रक्तदाब

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व यकृतात व नंतर मूत्रपिंडात रूपांतरित होऊन कॅल्सिट्रायॉल या क्रियाशील संप्रेरकाचे रूप घेते. रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी मात्र यकृतात बनणाऱ्या मधल्या रूपावरून मोजतात आणि ती मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. अशी कमतरता असलेल्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे.

या संबंधामागील कारण प्रामुख्याने रेनिनमध्ये शोधले गेले. मूत्रपिंडातून स्रवणारे हे विकर रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या व शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांची साखळी सुरू करते. ड जीवनसत्त्वाचे ग्राही नसलेल्या उंदरांमध्ये रेनिन वाढून रक्तदाब चढतो, असे २००२ मध्ये दाखवण्यात आले, तेव्हा या जीवनसत्त्वाच्या पूरक मात्रेकडून मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या.

त्या अपेक्षा मानवी चाचण्यांत टिकल्या नाहीत. ऑस्ट्रियातील २०० उच्च रक्तदाबग्रस्तांना आठ आठवडे रोज २,८०० एकके ड जीवनसत्त्व अथवा निष्क्रिय पर्याय देऊन केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांच्या रक्तदाबात लक्षणीय फरक आढळला नाही. लठ्ठपणा, वार्धक्य व घराबाहेरील हालचालींचा अभाव या गोष्टी ड जीवनसत्त्व घटवतात आणि रक्तदाबही वाढवतात. त्यामुळे कमी पातळी हे रक्तदाबाचे कारण नसून बऱ्याच अंशी सहचर लक्षण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रक्तदाबाची औषधे सोडून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढते आणि त्यामुळे रक्तदाब उलट चढू शकतो.