सान मार्कोत टाळ्यांना बंदी

शुक्रवार, 22 मे 1874. सकाळची वेळ. मिलानमध्ये, कालव्याकाठी, तुम्ही सान मार्को चर्चसमोर उभे आहात. इमारत तेराव्या शतकातली, पण दर्शनी भाग 3 वर्षांपूर्वीच नव्यानं सजवलेला, त्यामुळे लाल विटा अजून कोऱ्या दिसतात. दाराशी कुणी धर्म विचारत नाही. विचारला असता तर काय सांगणार होतात? घरात देव्हारा नाही, तरी भीमसेनांचा अभंग लागला की हातातलं काम थांबतं, एवढंच.

आत ही गर्दी. खांबाला पाठ लावून जागा धरा. आज मान्झोनीचं वर्षश्राद्ध आहे आणि त्या कादंबरीकारासाठी व्हेर्दीनं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचा मास, रचलाय. मान्झोनी श्रद्धाळू कॅथलिक. आणि छडी घेऊन उभा राहिलेला हा साठीचा दाढीवाला व्हेर्दी? त्याच्या बायकोनंच पत्रात लिहून ठेवलंय की नास्तिक म्हणवत नाही, पण श्रद्धा बेताचीच. तेव्हा परक्याच्या घरात शिरल्यासारखं अंग चोरू नका.

बायका कुठे आहेत, शोधा. जाळीआड, काळे पायघोळ झगे, डोक्यावरून काळं वस्त्र. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही असा रिवाज. आर्चबिशपनं परवानगी दिली ती या अटींवर.

सुरुवात चेलोंची. इतकी हलकी की शेजाऱ्याचा खोकलाही नकोसा वाटतो. गायकवृंद गात नाही, पुटपुटतो. आणि मग ‘दिएस ईरे’. कयामतीचा दिवस! वाद्यवृंदाचे चार तडाखे आणि मागून मोठा ढोल. त्याच्या दोऱ्या करकचून ताणायची सूचना व्हेर्दीनं स्वरलिपीतच लिहिली आहे, ठोका कोरडा पडावा म्हणून. पण उंच छत तो कोरडा राहू देत नाही. गेलेला ठोका परत येईपर्यंत पुढचा पडलेला असतो. मिलानमधली चर्चं पाहून व्हेर्दीनंच हे निवडलं. पुढे तुताऱ्या: चार समोर, चार नजरेआड. माना वळतात. तुमचीही वळते.

मधूनमधून पुरोहितांचं साधं पठण चालतं. विधीही अर्धामुर्धाच आहे, भाकरी आणि द्राक्षारसाचं पवित्रीकरण त्यात नाही.

‘आग्नुस देई’ला दोन बायका एकच ओळ गातात, एक वरच्या सप्तकात, एक खालच्या, साथीला एकही वाद्य नाही. आणि शेवटी ‘लिबेरा मे’, म्हणजे ‘मला सोडव’. हा भाग आधी संगीतकार रोसिनीच्या स्मरणार्थ लिहिलेला होता. तो कार्यक्रम बारगळला, तो हा इथे कामी आला. गायिका तेरेझा स्टोल्झ विनवतेय, ओरडतेय, मग एकाच स्वरावर शब्द घाईघाईनं म्हणतेय. सुटका झाली की नाही, व्हेर्दी सांगत नाही. संगीत विझतं, तेव्हा विनवणी तशीच टांगलेली असते. असं भिण्यासाठी नरक खरा मानावा लागत नाही, आणि व्हेर्दीला तरी तो कुठे खरा वाटत होता!

टाळ्या नाहीत. चर्चमध्ये चालत नाहीत. लोक जागीच चुळबुळतात.

हान्स फॉन ब्यूलो या जर्मन संगीतकारानं न ऐकताच हिणवलंय की ही पाद्र्याच्या झग्यातली ऑपेरा आहे. संगीतकार ब्राम्स स्वरलिपी वाचून ब्यूलोलाच मूर्ख ठरवणार आहे, आणि खुद्द ब्यूलो 1892मध्ये व्हेर्दीची पत्रानं माफी मागणार आहे. मला विचाराल तर टोमणा खोटा नव्हता. ऑपेराच आहे ती. बिघडलं कुठे?

सोमवारपर्यंत थांबता आलं तर 25 तारखेला ला स्काला थिएटरात हेच पुन्हा ऐका. तिथे टाळ्यांचा कडकडाट, काही भाग लोकांनी पुन्हा गायला लावलेले. पण छत ठोके परत पाठवणार नाही, आणि त्याची चुटपुट लागेल. बायका मात्र जाळीबाहेर, समोर. तेवढं थिएटरचं बरं.