ना. वि. ज.

मराठीत शास्त्र सांगण्याची खटपट मुंबईला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० सालीच ‘दिग्दर्शन’ मासिक काढले होते. पुढे १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवू लागली.

१९७४ साली स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखक कोणी नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि उलगडा झाला की हे गृहस्थ म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे तेवढी उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंच्या हातची.

कथेची सुरुवात झाली अहमदाबादच्या एका परिसंवादात, कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना. (अशा व्याख्यानांचेही उपकार मानावेत!) पण केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेल्या माणसाने एवढी लपवाछपवी का करावी? परीक्षक नावाला भुलतील, ही धास्ती. हॉइल स्वतः कादंबऱ्या लिहीत. शिष्याला मात्र आपले मराठी लेखन स्वतःच्या पायावर उभे राहते का, हे पाहायचे होते.

१९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह निघाला. त्यावर नाव खरे होते.