तबकडीतला अभंग, कॅसेटमधला हरिपाठ



शताब्दी अंकाचं काम बघणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, बुवा, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनात दोन तास बोलायला सांगा, बोलतो. लिहायचं म्हटलं की हात आखडतो. दिंडीचा इतिहास जाणत्या मंडळींनी या अंकात लिहिलाच आहे. म्हणून मी दुसरी वाट धरतो. गाणी भरून विकणाऱ्या कंपन्यांची हकीकत सांगतो. तुम्ही म्हणाल, वारकऱ्याला याचं काय? तर आपल्या दिंडीच्या हरिपाठाचीही एक कॅसेट निघाली होती, आणि तिचा सल माझ्या मनात आजून आहे. पण तिथपर्यंत जायचं तर आधी मागं जावं लागतं.

नातवानं वाचून दाखवलं ते असं. १९०२ सालच्या नोव्हेंबरात गायसबर्ग नावाचा एक साहेब यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. त्यानं गोहरजान नावाच्या बाईंचं गाणं भरलं. तेव्हा गाणं मेणाच्या थाळीवर कोरायचे. ती थाळी बोटीनं जर्मनीतल्या हॅनोवर गावी जायची, तिथं तबकड्या छापायच्या आणि विकायला परत इकडं आणायच्या. तिकडच्या कामगाराला कसं कळावं की गाणं कुणाचं? म्हणून बाई गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायच्या. मला हे ऐकून आपल्या अभंगातली नाममुद्रा आठवली. संतांनी शेवटच्या चरणात नाव घातलं ते मोठेपणासाठी नाही. बोल कुणाचा हे पुढच्याला कळावं म्हणून घातलं.

१९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. धंदा मात्र विलायती कंपनीच्या हातात. कर्ण्यापुढं कुत्रं बसलेलं चित्र जुन्या माणसांनी बघितलेलं आहे, तीच ही कंपनी. तबकडी कशाची, तर लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे बसतात, ती लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी घालून गरम साच्यात दाबली की झाली तबकडी. बघा माऊली, लाख आपल्या रानातली, गळा आपल्या माणसाचा, आणि धनी साता समुद्रापलीकडचा. कुणाचा आवाज भरायचा, किती भरायचा, हे तोच ठरवणार.

आपली दिंडी पहिल्यांदा निघाली त्यानंतर दहा-एक वर्षांनी मुंबईत एक गोष्ट घडली. १९३५ साली एक देशी कंपनी उभी राहिली. तिचं नाव नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. कारखाना वडाळ्याला. तबकडीवर छाप 'यंग इंडिया'चा. गांधीजींच्या साप्ताहिकाचंही हेच नाव होतं, त्यामुळं लोकांना ते परकं वाटलं नसणार. आता अडचण अशी, की नावाजलेले गवई आधीच मोठ्या कंपनीनं करारानं बांधून ठेवलेले. मग या कंपनीनं काय करावं? तिनं नवशिक्यांना, हौशी गाणाऱ्यांना बोलावलं. ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारात कुणी उभं केलं नसतं, त्यांचे आवाज तबकडीवर आले, आणि तबकडीवर त्यांची नावं छापली गेली. विलायती कंपनीसमोर ही कंपनी वीस वर्षं टिकली. १९५५ साली बंद झाली. नांगर सगळ्यांचाच मोडतो कधीतरी. पण तोवर त्यांनी केलेली पेरणी खोटी म्हणता येत नाही.

तबकडीत एक खोट मात्र होती, मग ती देशी असो का विलायती. मिनिटाला ७८ फेरे फिरायची आणि एका बाजूला साडेतीन मिनिटांत गाणं संपायचं. साडेतीन मिनिटांत अभंगाचं काय होणार? धृपद, दोन चरण, एखादी तान, की सुई कडेला. आपण एका अभंगावर दोन तास उभे राहतो. निरूपण, प्रमाणं, टाळकऱ्यांची चाल, मृदंगाचं बोलणं, हे त्या थाळीत मावणार कुठून? शेरभर दाणे छटाकाच्या मापात घातले तर उरलेले सांडणारच.

मग कॅसेट आली. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली काढली. आपल्याकडं खेडोपाडी पोचली ती मात्र ऐंशीच्या दशकात. आखातात कामाला गेलेली माणसं टेप घेऊन यायची. तबकडीच्या कारखान्याला मोठं भांडवल लागायचं. कॅसेट भरायला एक खोली आणि चार यंत्रं पुरायची. त्यामुळं गावोगावी लहान कंपन्या निघाल्या. त्यांतल्याच एकाचं झाड झालं. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्या घरातले गुलशन कुमार. त्यांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स कंपनी काढली, छाप टी-सीरिज. कॅसेटची किंमत खाली आणली आणि माल किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर ठेवला. आपल्या मराठी मुलखातल्या अनुराधा पौडवालांचा आवाज त्यांच्या भजनांतून घराघरांत गेला. कायद्यात एक वाट होती, तीही त्यांनी धरली. मूळ गाण्याची ठरलेली रक्कम भरली की तेच गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून भरता यायचं. मोठ्या कंपन्यांना हे रुचलं नाही. १९९७ च्या ऑगस्टात मुंबईत अंधेरीला, देवळातून बाहेर पडताना त्यांचा खून झाला. माणूस गेला, कंपनी राहिली.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. संतांच्या अभंगाला कुणी धनी नाही. तो गायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून भक्तीची कॅसेट काढणं कंपनीला स्वस्त पडायचं. शब्द सगळ्यांचा. पण भरलेला आवाज ज्यानं भरून घेतला त्या कंपनीचा होतो, आणि आपल्या कायद्यात तो हक्क साठ वर्षं चालतो. यंग इंडियाची शेवटची तबकडी १९५५ ची. म्हणजे त्या सगळ्या गाणाऱ्यांचे आवाज आता मोकळे झाले आहेत. कुणीही ऐकावं, कुणीही दुसऱ्याला द्यावं.

आता आपली कॅसेट. १९८९ साली कार्तिकी करून आलो आणि शहरातला एक कंपनीवाला गावात आला. हरिपाठ भरायचा म्हणाला. आम्ही बारा जण गेलो, पुढं विणेकरी बुवा. भिंतीला गाद्या लावलेली खोली. कंपनीवाला म्हणाला, एका बाजूला तीस मिनिटं, त्यात सगळं बसवा. आपला हरिपाठ वाटेवर पाऊण तास चालतो. बुवांनी चाल वाढवली, मृदंगवाल्यानं ठेका आवरला. बसवलं कसंतरी. पैशाऐवजी पन्नास कॅसेटी दिल्या. कागद कुणी वाचला नाही, अंगठा आणि सह्या झाल्या. कॅसेट आली तर वर पांडुरंगाचं चित्र, खाली कंपनीचं नाव ठळक, आणि बारीक अक्षरात 'भजनी मंडळ'. बुवांचं नाव कुठंच नाही.

मी रागावलो. बुवा हसले. म्हणाले, "अरे, देवाचं नाव हाय ना वर? मग झालं की." तेव्हा मी गप्प बसलो. आज वाटतं, बोलायला हवं होतं. संतांनी नाव घातलं, गोहरजाननं सांगितलं, यंग इंडियानं हौशी माणसाचंही छापलं. आम्हीच आमच्या बुवांचं नाव सोडून आलो.

बुवा वैकुंठवासी झाल्यावर त्यांची लेक माहेरी आली. म्हणाली, दादांचा आवाज ऐकवा. माझ्याकडची कॅसेट लावली तर फीत चिकटून तुटली. कंपनीच्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. कायद्यानं तो हरिपाठ २०४९ सालापर्यंत त्या कंपनीचा, आणि कंपनी तर जागेवर नाही. ती पोरगी तशीच परत गेली. हा सल.

म्हणून एक मागणं आहे. त्या कॅसेटी गावात वाटल्या होत्या. कुणाच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं एखादी धड असेल तर आणून द्या. नातू ती फोनमध्ये उतरवून घेतो म्हणतो. विकायची नाही, लेकीला ऐकवायची आहे. बारा जणांची नावं मी कागदावर लिहायला घेतली आहेत, ती कॅसेटसोबत ठेवायची. अकरा झाली. मागच्या रांगेत उजवीकडचा टाळकरी कोण होता ते मला आठवत नाही. ज्याला आठवत असेल त्यानं मुक्कामावर मला सांगावं.

राम कृष्ण हरी.