जुन्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचे वय कसे ओळखावे?

अमेरिकेतील एखाद्या उपनगरात शनिवारी सकाळी घरासमोर जुने सामान विक्रीला मांडलेले असते. कपबशा, पुस्तके, खुर्च्या यांच्या गर्दीत लांब दांड्याचे, काळ्या कापडी पिशवीचे एक अ‍ॅल्युमिनियमचे यंत्र उभे असते. विक्रेता त्याच्यावरील पितळी पट्टीकडे बोट दाखवून सांगतो, "१९०८ सालचे आहे, इथे लिहिले आहे पाहा." पट्टीवर खरोखरच १९०८ सालची एक तारीख असते. घेणारा खूश होतो, दोन-तीन पट किंमत मोजतो आणि इथेच फसतो.

कारण ती तारीख यंत्राची नसते, पेटंटची असते. त्याच पट्टीवर खाली कंपनीचा पत्ता 'नॉर्थ कँटन, ओहायो' असा असेल, तर यंत्र १९०८ चे असणे शक्यच नाही. हे गाव १९१८ पर्यंत 'न्यू बर्लिन' या नावाने ओळखले जात होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनीविरोधी भावना तीव्र झाली, तेव्हा गावाने आपले नाव बदलले. शिवाय पट्टीवर कंपनीचे नाव 'हूव्हर सक्शन स्वीपर कंपनी' असे पूर्ण लिहिले असेल, तर दुसरी मर्यादाही हाती येते. १९२२ मध्ये हे लांबलचक नाव सोडून कंपनीने 'हूव्हर कंपनी' एवढेच नाव ठेवले. म्हणजे यंत्र १९१८ ते १९२२ या चार-पाच वर्षांतले. यंत्राचा एकही स्क्रू न काढता, केवळ पत्ता आणि नाव वाचून हा निष्कर्ष काढता येतो.

जुन्या वस्तूंचा छंद म्हटला की आपल्याकडे नाणी, टपाल तिकिटे, फार तर ग्रामोफोन डोळ्यांसमोर येतात. तथापि पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी पाहणाऱ्याला घरगुती वस्तूंचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये व्हॅक्यूम क्लीनरचे संग्राहक अशाच भावनेने जुनी यंत्रे जमवतात. भारतीय वाचकाच्या परिचयाचा क्लीनर मात्र वेगळ्या घडणीचा आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून जो 'युरोक्लीन' घराघरांत पोहोचवला, तो जमिनीवर ओढत नेण्याचा, लांब नळी असलेला डबा होता. उभ्या क्लीनरमध्ये मोटार, पंखा आणि फिरता ब्रश हे सारे खाली तोंडाशीच असते, दांडा वर हातात येतो आणि धुळीची पिशवी दांड्याला लटकते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरणाऱ्या देशांतच हा प्रकार रुजला. फरशीच्या घरात त्याचे फारसे काम नव्हते.

या यंत्राचा उगम एका दम्याच्या रुग्णाच्या त्रासात आहे. ओहायोतील कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याला सहन होत नव्हती. त्याने विजेचा पंखा, ब्रशचा रूळ आणि कापडी पिशवी एकत्र जोडून स्वतःपुरते एक यंत्र बनवले. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्येच धूळ ओढणारे यंत्र तयार केले होते. पण ते घोडागाडीवरून आणावे लागे आणि त्याच्या नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. स्पँग्लरचे यंत्र एकट्या माणसाला ढकलता येत होते. २ जून १९०८ रोजी त्याला ८,८९,८२३ क्रमांकाचे पेटंट मिळाले. चामड्याच्या वस्तूंचा कारखानदार विल्यम हूव्हर याने हे हक्क विकत घेतले आणि त्याच वर्षी 'मॉडेल ओ' बाजारात आणले. मोटारगाड्या वाढत होत्या, घोड्याच्या सामानाची मागणी घटणार हे त्याला दिसत होते. स्पँग्लर १९१५ मध्ये वारला. यंत्राला नाव राहिले ते हूव्हरचे. ब्रिटनमध्ये तर 'हूव्हर करणे' म्हणजे घर झाडणे असाच शब्दप्रयोग रूढ झाला.

पट्टी काय सांगते

संग्राहकाने पहिल्यांदा यंत्र उलटे करावे. नाव, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि व्होल्टेज दाखवणारी पट्टी बहुधा तळाशी किंवा मोटारीच्या मागच्या बाजूला असते. मॉडेल क्रमांक मिळाला की काम झाले, असे नवख्याला वाटते. हूव्हरच्या बाबतीत हा समज महाग पडतो, कारण कंपनीचे क्रमांक चढत्या क्रमाने जात नाहीत. ७०० क्रमांकाचे मॉडेल १९२६ चे आहे आणि १५० क्रमांकाचे १९३६ चे. त्यानंतर २८ आणि ६० असे आणखी लहान आकडे आले. ब्रिटनमधील 'हूव्हर ज्युनिअर' या हलक्या यंत्राचीही हीच गत. महायुद्धापूर्वी ३७० आणि ३७५, युद्धानंतर ११९, पुढे १२२४ आणि मग १३३४. मोठा आकडा म्हणजे नवे यंत्र, हा व्यवहारी तर्क इथे उपयोगाचा नाही. याउलट क्लीव्हलँडच्या कर्बी यंत्रांत तो बऱ्याच अंशी लागू पडतो. १९४५ च्या ५०५ पासून ५०६, ५०७ असे आकडे १९५० च्या दशकभर सरळ चढत गेले. त्यामुळे कर्बीचे वय ठरवणे तुलनेने सोपे जाते.

मॉडेलची ओळख पटली नाही, तर पेटंट क्रमांकांचा आधार घ्यावा. अमेरिकेत १९२७ मध्ये कायदा बदलला आणि मालावर पेटंटच्या तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक देणे आवश्यक झाले. म्हणून पट्टीवर नुसत्या तारखांची रांग असेल, तर यंत्र साधारणपणे त्यापूर्वीचे मानावे. जुन्या पट्ट्यांचा साठा संपेपर्यंत त्या वापरल्या गेल्या असण्याची शक्यता धरून एक-दोन वर्षांची सूट द्यावी. क्रमांक असतील, तर त्यांतील सर्वांत मोठा पाहावा. अमेरिकी पेटंटांची दहा लाखांची संख्या १९११ मध्ये, वीस लाखांची १९३५ मध्ये आणि तीस लाखांची १९६१ मध्ये पूर्ण झाली. पट्टीवरील सर्वांत मोठा क्रमांक वीस लाखांच्या थोडा पुढे असेल, तर यंत्र १९३५ पूर्वीचे नाही एवढे ठाम म्हणता येते. किती नंतरचे, ते मात्र कळत नाही. पेटंट कार्यालयाच्या नोंदी आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. क्रमांक टाकला की मूळ आराखडाही समोर येतो आणि तो हातातील यंत्राशी पडताळता येतो.

यात एक खाच आहे. आकार आणि बाह्यरूप यांसाठीच्या डिझाइन पेटंटांची मालिका स्वतंत्र आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे आकडे एक लाखाच्या आसपास होते. सामान्य पेटंटांच्या मालिकेने हा टप्पा १८७० मध्येच ओलांडला होता. क्रमांकाच्या आधीचा 'डिझाइन' हा शब्द नजरेतून निसटला, तर विजेच्या यंत्राचा जन्म विजेचा दिवा येण्याच्याही आधीचा ठरतो.

पत्त्यातही वर्ष दडलेले असते. अमेरिकेत मोठ्या शहरांना टपाल विभागांचे एक-दोन अंकी क्रमांक १९४३ मध्ये मिळाले आणि पाच अंकी झिप कोड १९६३ मध्ये आला. पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेवर 'क्लीव्हलँड' नंतर नुसता दोनचा आकडा असेल, तर तो छपाईचा काळ या दोन वर्षांच्या मधला असतो.

अंगलट आणि घडण

पट्टी झिजली किंवा हरवली असेल, तर शरीराकडे वळावे. हूव्हरच्या यंत्राचा रूळ पाहावा. त्यावर केवळ ब्रशचे केस न राहता गालिच्याला ठोकणाऱ्या धातूच्या पट्ट्याही असतील, तर ते १९२६ किंवा नंतरचे. ७०० क्रमांकाच्या मॉडेलपासून ही रचना आली. गालिचा हलकेच ठोकून खोलवरची वाळू वर आणायची आणि मग ओढून घ्यायची, ही तिची युक्ती. पुढचा दिवा १९३० च्या दशकात दिसू लागला.

त्यानंतरची मोठी खूण १९३६ ची. तोवर क्लीनर हे उघडेवाघडे यंत्र होते. अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर मोटारीचे गोल भांडे ठेवल्यासारखे ते दिसे आणि कारखान्यातून थेट दिवाणखान्यात आल्याची कळा त्याच्यावर असे. हेन्री ड्रेफस या अभिकल्पकाने १५० क्रमांकाच्या मॉडेलसाठी बेकेलाइटचे एकसंध, उतरत्या रेषांचे झाकण तयार केले आणि मोटार त्याखाली झाकली. धातूकामात मॅग्नेशियम वापरून वजन उतरवले. पुढच्याच वर्षी आलेला बेल कंपनीचा ३०२ क्रमांकाचा टेलिफोनही ड्रेफसचाच. दोन्ही शेजारी ठेवले, तर एकाच हाताची वळणे ओळखू येतात. झाकणाखाली मोटार दडलेली दिसली, तर हूव्हर १९३६ च्या अलीकडचा, हा नियम फारसा चुकत नाही. १९५७ मध्ये 'कन्व्हर्टिबल' आला, त्याला नळी जोडून पडदे आणि सोफेही साफ करता येत. १९६३ च्या 'डायल-ए-मॅटिक'मध्ये कापडी पिशवी कठीण कवचात गेली आणि उभ्या क्लीनरची जुनी लटकती छबी तिथून बदलू लागली.

ब्रिटनमधील यंत्रे लंडनच्या पश्चिमेस पेरिव्हेल येथील कारखान्यात तयार होत. १९३३ मध्ये सुरू झालेली ती पांढरीशुभ्र इमारत आता संरक्षित वास्तू आहे. पेरिव्हेलचा उल्लेख असलेले यंत्र त्याआधीचे असू शकत नाही, हा फायदा संग्राहकाला आयताच मिळतो.

न जुळणारे भाग

इथवरच्या खुणा निर्मात्याने ठेवलेल्या आहेत. खरी अडचण पुढे येते, ती दुरुस्ती करणाऱ्यांमुळे. नवा क्लीनर घेताना जुना परत देण्याची पद्धत होती. परत आलेली यंत्रे घासूनपुसून, नवी पिशवी आणि नवी वायर लावून स्वस्तात विकली जात. हूव्हरने स्वतः अशी यंत्रे 'हूव्हर स्पेशल' या नावाने विकली. त्याशिवाय अनेक स्वतंत्र दुकानदारांनी दोन-तीन यंत्रांचे भाग जुळवून एक यंत्र उभे केले. अशा यंत्राचा तळ एका दशकातला, मोटार दुसऱ्या आणि पिशवी तिसऱ्या दशकातली असते. ते खोटे नसते, पण त्याला एकच साल चिकटवणे खोटे ठरते. पिशवी, वायर, प्लग आणि चाके हे भाग सर्वांत आधी बदलले जातात, म्हणून पुरावा म्हणून त्यांची किंमत सर्वांत कमी. तळ, मोटारीचे कवच आणि त्यांवर ओतकामात उमटलेले आकडे यांच्यावर अधिक विसंबावे.

बदललेला भागही काही सांगून जातो. ब्रिटनमध्ये चौकोनी पिनांच्या प्लगचे मानक १९४७ मध्ये ठरले. त्यापूर्वी अनेक घरांत क्लीनरची वायर चक्क दिव्याच्या होल्डरमध्ये अडकवली जाई. वायरच्या आतील तारांचे लाल, काळा, हिरवा हे रंग १९७० च्या सुमारास जाऊन तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा हे रंग आले. जुन्या ज्युनिअरमध्ये तपकिरी-निळ्या तारा दिसल्या, तर यंत्र नवे ठरत नाही; त्याची वायर १९७० नंतर कोणीतरी बदलली, एवढेच सिद्ध होते.

विक्रेत्याने सांगितलेले एखादे साल मात्र तत्काळ बाजूला ठेवावे. १९४२ मध्ये अमेरिकेत घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन युद्धासाठी थांबवण्यात आले, पेरिव्हेलचा कारखाना विमानांच्या विद्युतसामग्रीकडे वळला. '१९४३ चे अमेरिकी मॉडेल' असे कोणी सांगितले, तर ते कधी विकले गेले हे सांगत असेल, कधी बनले हे नव्हे.

संग्राहकाच्या हातून होणारी हानी याहून दुःखद असते. यंत्र घरी आले की चाक लावून ते आरशासारखे चकचकीत करण्याचा मोह होतो. कर्बी आणि रॉयलच्या अ‍ॅल्युमिनियमला ती झळाळी शोभतेही. परंतु त्या घासण्यात पट्टीवरील उथळ अक्षरे, ओतकामाचे आकडे आणि मूळ रंगाचे ठिपके कायमचे जातात. घासण्यापूर्वी पट्टी, तळ, रूळ आणि तारांची जोडणी यांची छायाचित्रे घ्यावीत. पट्टीवरील अक्षरे पुसट असतील, तर पातळ कागद ठेवून पेन्सिलने त्यांचा ठसा काढावा. पिशवीत जुनी धूळ असेल, तर ती मोकळ्या हवेत, नाकातोंडावर फडके बांधून काढावी. मूळ पावती, हमीपत्र किंवा माहितीपुस्तिका सोबत मिळाली, तर ती यंत्रापासून कधीही वेगळी करू नये. पावतीवरील तारीख हा खरेदीचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

परदेशातून असे यंत्र भारतात आणणाऱ्याने ते आल्या आल्या प्लगला लावून पाहू नये. अमेरिकी यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असते, आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर त्याची मोटार काही क्षणांत जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी कापडी आवरणाच्या जुन्या वायरमधील रबर ठिसूळ होऊन गळून गेलेले असते. त्या काळातील बहुतेक यंत्रांचे शरीर धातूचे आणि वायर दोनच तारांची, म्हणजे अर्थिंग नाही. हात लावण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घ्यावे, वायर बदलावी लागली तर काढलेली मूळ वायर चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवावी.