भिंग आणि चित्रपृष्ठाचे माप

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना शोधकांची नावे पुष्कळ घेतली जातात; परंतु प्रतिमा ज्या पृष्ठावर पडते, त्या पृष्ठाच्या लांबीरुंदीने भिंगे घडविणाऱ्यांस किती राबविले, हे सहसा कोणी सांगत नाही. आजही दुकानदार पिक्सेलांचा आकडा मोठ्या उत्साहाने सांगतो, पृष्ठाचे माप मात्र विचारल्यावाचून सांगत नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेअर यांची कृती जाहीर झाली, तेव्हा त्यांचा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा सुमारे २१६ मिलिमीटर लांब व १६४ मिलिमीटर रुंद होता. एवढा पत्रा व्यापण्यास भिंगाचे नाभीय अंतर फुटाहून अधिक लागे, आणि शेव्हालिए यांच्या भिंगाचे छिद्र त्या अंतराच्या चौदाव्या-सोळाव्या हिश्शाएवढेच असे. सबब माणसाने कित्येक मिनिटे निश्चल बसावे, तेव्हा कोठे चित्र उमटावे! पुढल्याच वर्षी व्हिएन्ना येथील गणिती योझेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून ३.६ गुणोत्तराचे, म्हणजे पंधरा-वीस पट प्रकाश देणारे भिंग सिद्ध केले. पण त्याची रेखीवता मध्यापुरतीच; कडेला प्रतिमा विरघळे. म्हणून फोइग्टलेंडर यांच्या पहिल्या कॅमेऱ्यात सुमारे नऊ सेंटीमीटर व्यासाचे गोल चित्रच निघे. तेजस्वी भिंग हवे तर पृष्ठ आवरते घ्यावे, हा सौदा तेव्हाच ठरून गेला.

हा सौदा टोकास नेला तो जर्मनीतील वेट्झलार गावी, लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यातील ओस्कार बार्नाक यांनी. त्यांस दम्याची व्यथा होती. जड पेटी आणि काचपट्ट्या वाहणे झेपत नसे. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर स्थिर चित्रे घेणारा चिमुकला कॅमेरा बनविला. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाक यांनी दोन चौकटी जोडल्या आणि २४ बाय ३६ हे माप जन्मास आले. ज्या मापास आज ‘फुल फ्रेम’ म्हणून मान मिळतो, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे.

मात्र सिनेमाची भिंगे ३० मिलिमीटर कर्णाच्या चौकटीसाठी केलेली. येथे कर्ण ४३ चा झाला आणि कोपरे बिघडू लागले. तेव्हा माक्स बेरेक यांनी ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, ३.५ गुणोत्तराचे भिंग नव्याने गणित करून काढले. येथे शाळेतले त्रैराशिक उपयोगी पडते. ९ बाय १२ सेंटीमीटरच्या काचपट्टीस सुमारे १५० मिलिमीटरचे भिंग लागे. लांबी तिसरा हिस्सा झाली, तर त्याच घडणीची काच सत्ताविसावा हिस्सा पुरते! परंतु काचपट्टीवरून तेवढ्याच आकाराची प्रत निघे. फिल्मवरील चित्र १२ बाय १८ सेंटीमीटरचे करावयाचे तर पाच पट मोठे करावे लागे, आणि त्याबरोबर दोषही पाच पट. यास्तव फिल्मवर बिंदू १/३० मिलिमीटरहून अधिक पसरू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. १९२५ साली लाइप्झिगच्या वसंतातील जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला.

कोणी म्हणेल, चांगले भिंग हुबेहूब लहान करावे, झाले! त्याने भिंगाचे भौमितिक दोषही त्याच प्रमाणात लहान होतात, हे खरे. परंतु कारागिराच्या हातची चूक लहान होत नाही, फिल्मवरील रवा होत नाही, आणि प्रकाशाची लहर तर मुळीच होत नाही. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. गुणोत्तर २२ ठेवले की बिंदूचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटर होतो, म्हणजे लायकाची मर्यादा संपलीच. मोठ्या काचपट्टीस त्याची क्षिती नाही. १९३२ साली कॅलिफोर्नियातील छायाचित्रकारांनी आपल्या मंडळास ‘एफ ६४’ हे नाव घेतले, ते मोठ्या पट्टीच्या कॅमेऱ्यांच्या बळावर. चिमुकल्या फिल्मला ते नाव शोभले नसते.

फिल्मच्या जागी विजेचा संवेदक आला तेव्हा हीच कथा पुन्हा घडली. १९९९ सालच्या निकॉन ‘डी १’ चा संवेदक २३.७ बाय १५.६ मिलिमीटरचा होता. जुने २८ मिलिमीटरचे भिंग त्यावर ४२ सारखे वागू लागले. विस्तीर्ण देखावा टिपणारे भिंग एकाएकी सामान्य ठरले. त्या मापासाठी १२ ते २४ मिलिमीटरचे नवे भिंग त्याच कंपनीने २००३ साली काढले.

आणि आपल्या खिशातला मोबाइल? कित्येक मोबाइलांत मुख्य संवेदकाचा कर्ण दहा-बारा मिलिमीटर आणि नाभीय अंतर सहा-सात मिलिमीटर असते. अशा भिंगाचे छिद्र बारीक करण्यास वाव उरत नाही. बहुधा ते १.८ च्या आसपास कायमचे उघडेच ठेवतात. १.८ हे गुणोत्तर ऐकावयास भव्य वाटते खरे, पण छिद्राचा प्रत्यक्ष व्यास साडेतीन मिलिमीटर भरतो. बेरेक यांच्या भिंगाचा चौदा होता. क्षेत्रफळाने पाहता सोळावा हिस्सा. म्हणूनच रात्री मोबाइल एका चित्रावर भागवीत नाही. एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतो आणि त्यांची बेरीज करून आपल्यापुढे ठेवतो.