कोणाचो रे तू?

आमच्या वाडीत शिरणाऱ्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आणि खळ्यात बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला तो विचारायचा हक्क होता: "कोणाचो रे तू?" नाव सांगून भागत नसे. बापाचं नाव, घर, वाडी, कुणाकडे चाललास, हे सगळं सांगावं लागे. मग "म्हणजे अमक्याचो भाचो!" असं काहीतरी नातं निघे आणि पुढे जायला वाट मिळे. माणूस वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तो कोण, कुठला आणि का आला, हे चार घरांना ठाऊक झालेलं असे.

लहानपणी या चौकशीचा मला राग यायचा. आजी-आजोबांच्या गोष्टी आठवून जुळवू लागल्यावर कळलं, की वाडीची चौकी तीच होती.

आमचं बांदा हे एकाकी खेडं कधीच नव्हतं. तेरेखोल नदीतून गलबतं वर येत, घाटावरचा माल इथे उतरे. आदिलशाहीच्या काळात हे व्यापाराचं ठाणं होतं आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने किनाऱ्यावरच्या बंदरांचं वर्णन लिहिलं, त्यात बांद्याचाही उल्लेख आहे. म्हणजे परका माणूस इथे रोजचाच. पुढे पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला आणि बांद्याच्या कुशीला परदेशाची सरहद्द आली. १८४४ साली सावंतवाडीत इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तो मोडल्यावर फोंड सावंतांसारख्या बंडवाल्यांनी गोव्यात आसरा घेतला. बंडवाल्याला जी सरहद्द आसरा देते, ती चोरालाही देते. "पलीकडे गेलो, सुटलो" हे वाक्य माझ्या आजोबांच्या कितीतरी गोष्टींचा शेवट असायचं.

त्यांची एक गोष्ट मात्र तशी संपत नसे. ती त्यांच्या वडिलांच्या काळातली. मृग लागून चार दिवस झालेले, नांगरणी तोंडावर, आणि एका घरचा बैल गोठ्यातून गेला. ओल्या मातीत खूर उमटलेले. वाडीतली जाणती माणसं माग काढत निघाली. माग सरहद्दीवरच्या पत्रादेवीच्या अंगाच्या रानात शिरला आणि तिथे फिरंग्याचं राज्य सुरू झालं. इथल्या फौजदाराचा हुकूम तिथे चालेना. पण पलीकडच्या गावातले मानकरी आमच्या गावचे सोयरे होते. निरोप गेला: "माग तुमच्या शिवेत आणून सोडला आसा." पुढचा माग त्यांनी काढला आणि काही दिवसांनी बैल परत आला.

ही रीत आमच्याच मुलखाची नव्हती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल लिहिला. त्यात देशावरच्या गावांची व्यवस्था नोंदली आहे. पाटील बंदोबस्ताला जबाबदार. त्याच्या हाताखालच्या जागल्याने रात्री पहारा द्यायचा, गावात कोण आलं, कोण गेलं ते पाहायचं, प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक ठेवायची. चोरी झाली तर माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की तिथल्या जागल्याने तो उचलायचा आणि ज्या गावात माग संपेल त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची. चोरी एका घरची असली तरी तिचा भार गावाने वाहायचा, हे त्यामागचं सूत्र. माझ्या आजोबांनी तो अहवाल कधी पाहिला नव्हता, पण शिवेचा हा कायदा त्यांना तोंडपाठ होता.

आजीच्या गोष्टी रात्रीच्या असत. वीज नव्हती. घरं माडा-पोफळींत विखुरलेली, मध्ये गडगे आणि व्हाळ. पुरुष मुंबईला गिरणीत, घरात बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. रात्री कुत्री वेगळ्या आवाजात भुंकली की आजी पडवीत येऊन कुकारो घालायची. शेजारच्या घरातून त्याला उत्तर यायचंच. उत्तर आलं नाही तर कुणीतरी चूड पेटवून तिकडे निघायचं. आजारी माणूस असो, सर्प निघालेला असो वा चोर, विचारपूस तीच. ती म्हणायची, "चोर कुलूप बघना नाय. घरात जाग आसा काय नाय, ता बघता."

पण या गोष्टींतली एक बाजू आजी आवाज खाली करून सांगे. १९५० च्या दशकात मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि गोव्यात दारू मोकळी. पुढे भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. मग रानवाटांनी रात्री ओझी जाऊ-येऊ लागली. कोण नेतो, कोण आणतो, हे वाडीला ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे, कारण नेणारा कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी जावई. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचं घरही सगळ्यांना ठाऊक होतं. तिथेही गप्प. "आपलोच मरे तो," एवढ्यावर विषय संपे. परक्याला हटकणारं गाव आपल्या माणसापुढे मुकं होत होतं. जुन्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. ज्या घरात मार बसत होता, त्या घरातल्या बाईला वाडीची राखण कधी लाभलीच नाही.

आणि १९५५ चा ऑगस्ट. गोवामुक्तीचे सत्याग्रही देशभरातून सरहद्दीवर आले होते. १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तिथे हुतात्मा झाले. त्या दिवसांत भर पावसात रस्त्याने चाललेली अनोळखी पोरं आजीने पाहिली होती. त्यांची भाषा तिला येत नव्हती. वाडीतल्या म्हाताऱ्याने सवयीने विचारलंच, "कोणाचो रे तू?" पोराला प्रश्न कळला नाही, त्याने हाताने गोव्याची दिशा दाखवली. म्हातारा घरात वळून म्हणाला, "पेज वाढा. पोरगो उपाशी आसा." ही गोष्ट सांगताना आजीचा आवाज कधीच खाली जात नसे. हटकणाऱ्या माणसातच घरात घेण्याचीही तयारी होती, हे मला तिच्याकडूनच कळलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्द देशातलीच एक हद्द उरली. आज मुंबई-गोवा महामार्ग बांद्याला लागूनच जातो. पलीकडे पेडणे तालुक्यातच मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. चोरी करून तासाभरात दुसऱ्या राज्यात पोचता येतं. आणि वाडीत किती घरांना जाग आहे? चाकरमानी मुंबईत, तरुण पोरं गोव्यात नोकरीला. चतुर्थीचे दिवस सोडले तर अर्धी घरं कुलपात. बागेतल्या काजूपासून देवळातल्या फंडपेटीपर्यंत सगळं उघड्यावर. दुपारी घरात एकटी असलेल्या बाईकडे "दागिने पॉलिश करून देतो" म्हणत दोघे येतात, डबा गॅसवर ठेवायला सांगतात, आणि डबा उघडेपर्यंत सोनं गेलेलं असतं. ही युक्ती जुनी आहे, तरी चालते, कारण शेजारच्या खळ्यात विचारणारं कुणी बसलेलं नसतं.

आताचा चोर तर वाडीत येतही नाही. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभाचं चित्र. "तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही." आयुष्यभर नेकीने वागलेला माणूस खोलीचं दार लावून घामाघूम बसून राहिला. त्यांना वाचवलं ते शेजारच्या मुलीने. ती कढीलिंब मागायला आली, हाक मारली, उत्तर येईना म्हणून दार ठोठावत राहिली. अखेर त्यांनी दार उघडलं, तिने मोबाइलचा पडदा पाहिला आणि फोन बंद केला. भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. त्या भामट्याची पहिली अट होती, कुणाशी बोलायचं नाही. माणूस एकटा पडला तरच त्याचं काम होणार होतं.

मात्र हटकणं आणि झडप घालणं यांत अंतर आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाइलवर पसरली होती. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. तिथे परक्याला प्रश्न विचारला गेला असेलही, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कागदावरून पुसला गेला १९५२ साली, मनातून अजून नाही. भटक्या माणसाला पाहताच ज्याचा हात उठतो, त्याने वाडीची राखण केली असं म्हणता येत नाही. संशय आला तर गाडीचा नंबर टिपावा, ११२ वर फोन करावा. चोर हाती लागला तरी हात न उगारता त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं. अफवा पुढे पाठवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावं.

जुन्या वाडीकडून घ्यायचं ते हे: जाग, हाक आणि विचारपूस. टाकायचं ते "आपलोच" म्हणून गप्प बसणं. यासाठी यंत्रणा हाताशी आहेत. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील आपल्या गावात आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. राज्यातल्या अनेक गावांत एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे मोबाइल वाजवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. आजीचा कुकारो आता असाही घालता येतो. पैसे ऑनलाइन गेले तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० वर कळवावं. जितकं लवकर कळेल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. शेजारच्या घरात बाईला मार बसत असेल तर १८१, मुलाला त्रास होत असेल तर १०९८. भाडेकरू, बागेतले कामगार यांची नोंद पोलीस ठाण्यात द्यावी. त्यांच्याशी बोलावं, त्यांची नावं पाठ करावीत, म्हणजे तेही आपल्या राखणीत सामील होतील.

आणि चाकरमान्यांना एक विनंती. चतुर्थीला सगळे गावात असता, तेव्हा आरतीनंतर एक संध्याकाळ द्या. पोलीस पाटलाला बोलवा, बांद्याच्या पोलीस ठाण्यातून कुणाला तरी बोलवा. कुठलं घर कधी बंद असतं, किल्ली कुणाकडे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी हाक कोण मारणार, हे नावानिशी ठरवा. सोनं आणि घराची कागदपत्रं बंद घरात ठेवू नका. कॅमेरा बसवलात तर चांगलंच, पण कॅमेरा चोरी झाल्यावर चोर दाखवतो, चोरी होण्याआधी दार ठोठावायला माणूसच लागतो. तो कोण, हे विसर्जनाआधी ठरलेलं असावं.